राहुरी : उसाच्या बिलावर चालणारं गाव

नगरहून मनमाडच्या रस्त्याला लागलं की विळद घाट जातो, मग कृषी विद्यापीठाची लांबच लांब जमीन, मग राहुरी खुर्द आणि मुळा नदीचा पूल. पूल ओलांडला की राहुरी. शिर्डीहून शनिशिंगणापूरला जाणाऱ्या लोकांनी आमचं गाव गाडीच्या काचेतून पाहिलेलं असतं. फार तर चहाला थांबून. रस्त्याच्या खड्ड्यांमुळे ते लक्षात राहिलं असेल तर तेही खोटं नाही. त्यापलीकडे राहुरीबद्दल सांगण्यासारखं काय, असं पुण्यातले नातेवाईक आम्हाला विचारतात. गेल्या वर्षभरात आमच्या घरात याच प्रश्नावर इतकं बोलणं झालं, की ते एकदा लिहूनच काढावं असं आम्हा दोघांना वाटलं.

राहुरी तालुक्याचं ठिकाण आहे. म्हणजे तहसील कचेरी, कोर्ट, पंचायत समिती, नगरपालिका, एसटी स्टँड, बाजार समिती आणि या सगळ्यांच्या भोवती झेरॉक्सची दुकानं. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ पासून या भागातून जाते, पण स्टेशन गावापासून लांब पडल्यामुळे गावाची खरी नाळ रस्त्याशीच राहिली. नावाची कथा लहानपणी सगळ्यांनीच ऐकलेली असते : राहूचं शिर इथे पडलं. शाळेत शिक्षक ती रंगवून सांगायचे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्येही राहुरी आहे. रेव्हरंड टिळकांबरोबर त्या इथे राहिल्या होत्या. गावात जुनी ख्रिस्ती वस्ती आहे ती त्या काळच्या मिशनच्या कामातूनच. मशीद, चर्च आणि मंदिर अशी तिन्ही ठिकाणं पायी फिरता येतील इतकंच हे गाव मोठं.

आमचा धंदा गाद्यांचा. आम्ही पिंजारी, कागदोपत्री नदाफ. दादा पिंजण खांद्यावर टाकून गावोगाव फिरायचे. उंबरे, गुहा, ब्राह्मणी, वांबोरी अशी त्यांची फिरती ठरलेली असे. पिंजणाची तात वाजली की बायका जुन्या गाद्या अंगणात आणून टाकत. दाबून दगड झालेला कापूस तो आवाज करत करत फुलायचा. संध्याकाळी दादांच्या भुवया, मिशी, दाढी सगळं पांढरं झालेलं असे. अब्बांनी फिरती बंद करून दुकान टाकलं आणि पिंजायचं मशीन बसवलं. ते मशीन आजही चालतं. आमच्यातल्या एकीचं माहेर वांबोरीचं. दादा त्या घरी गाद्या पिंजायला जात आणि तिथूनच पुढे सोयरीक जुळली.

गादीचा धंदा म्हटलं की लोकांना वाटतं तो लग्नसराईवर चालतो. राहुरीत तो उसाच्या बिलावर चालतो. लग्नसुद्धा इथे बिलावरच चालतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्यांचे बॉयलर पेटतात, गव्हाणीत मोळी पडते आणि गाळप सुरू होतं. नियम असा, की ऊस घातल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याच्या खात्यावर पैसे आले पाहिजेत. नियम १९६६ चा आहे. बिल कधी पडतं ते ज्याचं त्याला माहीत. पण पडलं की दोन दिवसांत गावात कळतं. सोनाराच्या पायरीवर चपला वाढतात, मोबाइलच्या दुकानात पोरांची गर्दी होते आणि आमच्याकडे कोणीतरी येऊन म्हणतं, "चाचा, पोरीच्या रुखवतातल्या दोन गाद्या घ्या भरायला. कापूस चांगला घाला."

नसेल पडलं तर हेच वाक्य वेगळ्या शेवटासह येतं : "बिल पडलं की देतो." या चार शब्दांवर आमच्या तीन पिढ्या जगल्या. अब्बांची उधारीची वही आम्ही अजून ठेवली आहे. मराठीत, मोडक्या पण वाचता येणाऱ्या अक्षरात. त्यात तारखा नाहीत, हंगाम आहेत. 'पहिलं बिल', 'दुसरं बिल', 'पट्टा पडल्यावर'. पट्टा पडणं म्हणजे गाळप संपणं. अब्बा उधारीवर व्याज घेत नसत, तो तर प्रश्नच नव्हता, आणि अडलेल्याला मुदत द्यायची हे त्यांना मौलवीसाहेबांनी सांगावं लागलं नाही. पण ते भोळेही नव्हते. कोणाच्या शेतात किती ऊस उभा आहे, आडसाली आहे की खोडवा, कोणत्या चारीचं पाणी त्याला मिळतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ असे. गादी भरणाऱ्या माणसाला उसातलं इतकं कळत असे, याचं आम्हाला पूर्वी हसू यायचं.

हे गाव असं का झालं, हे मुळा धरण पाहिल्याशिवाय समजत नाही. मुळा हरिश्चंद्रगडाच्या बाजूला उगम पावते, अकोले-पारनेरकडून येते आणि राहुरीच्या पुढे प्रवरेला मिळते. बारागाव नांदूरजवळ तिला अडवलं. क्षमता २६ टीएमसी, म्हणजे २६ हजार दशलक्ष घनफूट. नाव ज्ञानेश्वर सागर, पण आम्ही सगळे मुळा धरणच म्हणतो. डाव्या-उजव्या कालव्यांनी राहुरीपासून नेवासा, शेवगाव, पाथर्डीपर्यंत पाणी नेलं. ज्यांच्या शेतात पाणी आलं त्यांनी ऊस लावला. ज्यांच्या शेतात ते आलं नाही ते त्याच उसाच्या तोडणीला आले. एकाच जिल्ह्यात, पन्नास-साठ किलोमीटरच्या अंतरात, एकाच्या घरी बिल पडतं आणि दुसऱ्याच्या हातात कोयता असतो.

सहकारी साखर कारखान्याची कल्पना या जिल्ह्यातच रुजली. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा कारखाना उभा केला, त्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. त्यापाठोपाठ त्याच दशकात राहुरीचाही कारखाना झाला. आज तो डॉ. बाबूराव बापूजी तनपुरे यांच्या नावाने ओळखला जातो. कारखान्याभोवती जी वसाहत वाढली तिला 'राहुरी फॅक्टरी' हेच नाव पडलं, ते एसटीच्या पाटीवरही आलं. कारखान्याचा भोंगा, कॉलनी, शाळा, दवाखाना, पतपेढी. चंद्रपूरकडे राहणारे आमचे एक पाहुणे सांगतात की तिकडे बाजार कोळशाच्या खाणीच्या शिफ्टवर चालतो. पगाराच्या दिवशी भाजीवालीसुद्धा भाव चढवते. ऐकून आम्ही म्हणालो, हे तर आमच्याच गावाचं सांगताय. त्यांच्याकडे जमिनीखालचा कोळसा, आमच्याकडे जमिनीवरचा ऊस. कोळसा एकदा काढला की गेला. ऊस पुन्हा उगवतो, मात्र त्याला पाणी लागतं आणि कारखान्याला भांडवल.

कारखान्यात वाया काहीच जात नाही, हे लहानपणी कोणीतरी दाखवल्यापासून लक्षात राहिलं आहे. एक टन उसातून उतारा चांगला असेल तर शंभर-एकशे दहा किलो साखर निघते. पाव टनाहून जास्त चिपाड उरतं, तेच बॉयलरला जाळतात, म्हणजे ऊसच स्वतःला शिजवतो. मळीपासून मद्यार्क. उसाचे वाढे गुरांना. हे वाढे विकून तोडणी मजुरांच्या बायकांच्या हातात रोजचे चार पैसे येतात, आणि ते पैसे गावातल्या मणियाराकडे, भाजीच्या पाटीकडे, कधी आमच्याकडे येत. त्यांना नवी गादी नको असे. जुन्या कापसाच्या उशा, लेकराला एखादी दुलई. थंडीत कोपीमध्ये, म्हणजे त्या पाचटाच्या झोपडीत, खाली काय अंथरायचं हा प्रश्न असे. फाटलेल्या गाद्यांतून निघालेला कापूस अम्मी वेगळा ठेवायची. त्यातून भरलेल्या उशांचे पैसे ती किती घेत असे, ते वहीत नाही.

तोडणीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि सहा महिन्यांत ती फेडायची. अम्मीला हे गणित पटत नसे. दोन माणसं आणि एक कोयता कसा, ती विचारायची.

आता थोडं रमजानबद्दल. आपला महिना चंद्राचा, दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. उसाचा हंगाम मात्र जागचा हलत नाही. त्यामुळे राहुरीच्या मुसलमानांची ईद कशी जाणार हे पंचांग आणि गाळप यांच्या भेटीवर ठरतं. १९९८-९९ मध्ये रमजान डिसेंबर-जानेवारीत आला होता. लहान दिवसांचे रोजे, थंडी, हंगाम भरात, गावात पैसा खेळता. त्या ईदला आम्हाला दोघा भावांना वेगवेगळ्या कापडाचे शर्ट मिळाले होते, एरवी एकाच ठाणातले मिळत. आणि २०१६ ची ईद आली ती दुष्काळाचं वर्ष संपता संपता, जुलैच्या सुरुवातीला. धरणाचा तळ दिसलेला, ऊस चाऱ्याला तोडून दिलेला. उधारीची वही भरली होती आणि गल्ला रिकामा. जकात द्यायची आहे की घ्यायची आहे, असं एक शेजारी हसत हसत म्हणाले. त्यांच्याकडे किराणा दुकान आहे. गेली एक-दोन वर्षं रमजान पुन्हा हंगामात आला आहे. शीरखुर्म्याला लागणारी साखर अजूनही आम्हाला एका सभासदाच्या घरून येते, त्यांना दिवाळीला मिळते त्यातली. त्यांच्या वडिलांनी अब्बांना दिली म्हणून ते आम्हाला देतात. आम्ही त्यांच्या पाडव्याच्या बैठकीला लोड भरून देतो. कोणी कोणाचा हिशेब ठेवलेला नाही.

कारखान्याचं मात्र गेल्या दहा-बारा वर्षांत सुरळीत चाललेलं नाही. कर्जाचा डोंगर, जिल्हा बँकेची जप्ती, कामगारांची थकलेली देणी, मोर्चे, निवडणुका. मधले काही हंगाम धुराडं पेटलं आणि पुन्हा थंड पडलं. यात कोणाचं किती चुकलं हे ठरवणारे आम्ही कोण? चहाच्या प्रत्येक टपरीवर त्याचा निकाल रोज लागतो. आम्हाला दिसतं ते दुकानाच्या ओट्यावरून. तालुक्यातला ऊस थांबलेला नाही. तो सोनईला जातो, अशोकनगरला जातो, प्रवरेला जातो. शेतकऱ्याला बिल मिळतं. थांबला तो कामगाराचा पगार. आणि पगाराची गंमत अशी, की बिल वर्षात दोन-तीनदा येतं आणि मोठ्या खरेदीला जातं, तर पगार दर महिन्याला येतो आणि गावभर थोडा थोडा फिरतो. शिंप्याकडे, सायकलवाल्याकडे, बागवानाच्या हातगाडीवर, गादीच्या नव्या खोळीवर. शेती नसलेल्या माणसांचा बाजार या पगारावर उभा होता. आपल्या समाजात शेती असणारी घरं मोजकी. बागवान, तांबोळी, मणियार, आत्तार, खाटीक, गॅरेजवाले, आम्ही पिंजारी. कारखाना आमच्यापैकी फारच थोड्यांचा होता, सभासद म्हणून तर नाहीच. तरी तो थांबल्याचा फटका पहिल्यांदा आमच्या गल्लीत जाणवला.

त्यात फोमच्या गाद्या आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, हप्त्यावर. त्यांना पिंजावं लागत नाही, उन्हात टाकावं लागत नाही, आणि पाचव्या वर्षी त्या खपाटीला जातात तेव्हा त्यांचं काहीच करता येत नाही. हे आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो. तो ऐकून घेतो आणि फोमची घेतो.

मुलगा चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. लग्न झालंय, भाड्याच्या दोन खोल्या आहेत. त्याचं म्हणणं सरळ आहे : घर आणि दुकान विकून टाका, तिकडे फ्लॅटची पहिली रक्कम भरू, तुम्ही दोघं आमच्याकडे या. रस्ता रुंद होतोय तोवर भाव आहे, नंतर नसेल. "अब्बा, गावात आता राहिलं काय?" त्याच्या बोलण्यात तिरस्कार नाही, हे आम्हाला माहीत आहे. त्याला आमच्या गुडघ्यांची काळजी आहे. आणखी एक काळजी आहे, ती तो फोनवर पूर्ण बोलत नाही.

ती अशी. गेल्या तीन-चार वर्षांत तालुक्यात एक-दोनदा वातावरण तापलं. एका गावात दर्गा की देवस्थान यावरून वाद होऊन तो कोर्टापर्यंत गेला. शहरातही कधी एखाद्या घटनेनंतर बाजार बंद राहिला, पोलिसांच्या गाड्या चौकात उभ्या राहिल्या. अशा दिवशी शटर खाली ओढून आत बसलो की पिंजायचं मशीन बंद असताना दुकान किती शांत असतं ते कळतं. एक जुनं गिऱ्हाईक त्यानंतर यायचं थांबलं. ते शेजारच्या गल्लीत दिसतात, मान हलवतात, पण गादी दुसरीकडून घेतात. आणि बाजार उघडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी ब्राह्मणीहून एक आजी एसटीने जुनी गादी घेऊन आल्या. कंडक्टरशी भांडून आणली होती, म्हणाल्या. "तुज्या आज्यानं भरलेली हाय ही. दुसऱ्याकडं कशाला टाकू?" खोळ फाटलेली होती, पण टाके खरंच दादांचे होते, दुहेरी, कोपऱ्यात गाठ मारलेले. या दोघांपैकी खरी राहुरी कोणती, हे आम्हाला विचारू नका. दोघंही इथलेच.

मुलगी विद्यापीठात आहे. हे सांगताना आमची मान थोडी ताठ होते, ते वाचकांनी समजून घ्यावं. महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ चं. नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंत दहा जिल्ह्यांची शेती त्याच्याकडे आहे. त्याच्या जमिनी ज्या गावांतून घेतल्या तिथली माणसं नोकरीसाठी अजून झगडतात, हेही त्याच्याच इतिहासात आहे. पण शेतकऱ्याच्या तोंडी जी नावं बसली आहेत, फुले २६५ हा ऊस, फुले त्रिवेणी ही होल्स्टीन, जर्सी आणि गीर या तीन रक्तांची गाय, ती तिथली. आम्ही लहानपणी विद्यापीठाच्या कुंपणाकडे आंब्यांसाठी पाहायचो. मुलगी आता तिथल्या डॉ. अण्णासाहेब शिंदे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या दोन्हीकडच्या खानदानात इंजिनिअरिंगपर्यंत गेलेली ती पहिली मुलगी. तिचा विषय पाणी. ठिबक, चारी, मोजणी.

पहिल्या वर्षी वर्गातल्या एका मुलीने तिला विचारलं, "तुझं मराठी इतकं चांगलं कसं?" तिने घरी येऊन विचारलं, याला काय उत्तर द्यायचं. आम्ही म्हणालो, सांग की आपल्याच जिल्ह्यात श्रीगोंद्याला शेख महंमद नावाचे संत होऊन गेले, त्यांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीतच लिहिला. तिने ते सांगितलं की नाही माहीत नाही. त्या मुलीबरोबर डबा खाते एवढं कळतं.

घर विकण्याच्या बोलण्यात तिने पहिल्यांदा तोंड घातलं ते पाण्यावरूनच. भाऊ म्हणत होता, ऊस गेला तर गाव संपलं. ती म्हणाली, उसाचं काय होईल ते मुळा धरण ठरवेल. २००५ च्या कायद्याने पाणी खोऱ्यात समन्यायी वाटायचं आहे. जायकवाडीत पावसाळ्याच्या शेवटी ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून खाली सोडावं लागतं, त्यात मुळाही येतं. मग आंदोलनं होतात, कोर्टबाजी होते, पण पाणी जातं. पैठणकडची माणसंही माणसंच आहेत. तर इथल्या शेतकऱ्याला कमी पाण्यावर जगायला शिकावंच लागणार, आणि शिकवायला माणसं लागतील. ती असं बोलत होती आणि आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत होतो. अब्बांना चारी कोणाची आणि पाणी कोणाला हे वहीसाठी माहीत असायचं. नातीला ते पदवीसाठी माहीत आहे. मुलगा ऐकून म्हणाला, "ठीक आहे, पण तुला नोकरी राहुरीत लागेल असं कोणी लिहून दिलंय?" तेही खरंच. लागेल तर नाशिकला लागेल, जळगावला लागेल, नाहीतर कुठल्या ठिबकच्या कंपनीत.

तर सध्या ठरलं आहे ते असं. मुलीची पदवी होईपर्यंत घर विकायचं नाही. दुकानाचा रस्त्याकडचा अर्धा भाग मोबाइल दुरुस्तीवाल्या एका पोराला भाड्याने दिला आहे; ते भाडं मुलाच्या फ्लॅटसाठी वेगळं ठेवायचं. त्याला ते फार वाटत नाही, आणि फार नाहीच आहे. मशीन मागच्या खोलीत सरकवलं. सरकवताना पट्टा तुटला, तो नगरहून आणावा लागला. उधारीची नवी वही घातली आहे. यंदा मुलीच्या आग्रहावरून तिच्यात तारखाही लिहितो. शेजारचा पोर म्हणतो, काका, मोबाइलमध्ये ठेवा. आम्ही म्हणालो, आधी बिलं पडू देत.

परवा वांबोरीहून निरोप आला. नात्यातल्या एका मुलीचं लग्न आहे, चार गाद्या, आठ उश्या, दोन लोड. कापूस शेवगावकडून येतोय. त्यांचा ऊस अजून शेतात उभा आहे, तोडणीची टोळी कधी येईल ते मुकादमालाही सांगता येत नाही. आम्ही 'पहिलं बिल' असं लिहून ठेवलं आणि कामाला लागलो.